गिअरबॉक्समध्ये वीज वाचवणारी बाटली ओतावी का?

भाऊ, तुमच्या जळगाव एमआयडीसीतल्या दाळ मिलमध्ये सेल्समन आला, गिअरबॉक्सच्या तेलात सिंथेटिक अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतली की बिल 15 टक्के उतरेल म्हणाला, आणि घ्यावी का असं तुम्ही विचारलंत. बाटली घेऊ नका. वर्म गिअरबॉक्सचं, म्हणजे ज्यात स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो त्याचं, तेल मात्र जरूर बदला.

तेल वाचवेल ती फक्त घर्षणात जाणारी वीज. हेलिकल म्हणजे तिरप्या दात्यांच्या गिअरच्या एका जोडीत जेमतेम 1 ते 2 टक्के शक्ती वाया जाते. जिथे जातातच दोन, तिथे पंधरा वाचणार कुठून? रोलरच्या मोठ्या मोटरी बेल्टवर असतील तर घसरणारे बेल्ट ताणून घ्या, जास्त हाती लागेल.

वर्मचं तसं नाही. इलेव्हेटरवर (माल वर चढवणारं यंत्र) 40:1 रेशोचा, म्हणजे वर्मच्या 40 फेऱ्यांना चाकाची एक फेरी देणारा, बॉक्स असेल तर त्यात पोलादी वर्म ब्राँझच्या चाकावर सतत घासत चालतो आणि 25-30 टक्के शक्ती तिथेच उष्णता होऊन जाते. मे महिन्यात बॉक्सवर हात टिकत नाही तो यामुळेच. पीएजी किंवा पीएओ प्रकारच्या सिंथेटिक तेलाने हे घर्षण खरोखर कमी होतं, आणि 45 अंशांच्या उन्हाळ्यातही ते मिनरल तेलाइतकं पातळ पडत नाही. इलेव्हेटरच्या मोटरी लहान, त्यामुळे एकूण बिलात फरक थोडाच दिसेल. पण तेल जास्त टिकेल आणि ब्राँझचं महागडं चाक वाचेल, माझ्या मते खरा फायदा तोच.

बाटलीची मला भीती वाटते ती या चाकासाठी. गंधकवाली काही ईपी (जास्त दाबात गिअर वाचवणारी) अ‍ॅडिटिव्ह गरम बॉक्समध्ये ब्राँझ खातात. चांगल्या तेलात रसायनं मोजून मापून घातलेली असतात, वरून ओतलेलं त्यांचाच तोल बिघडवतं.

पीएजी घेतलंत तर जुनं तेल पूर्ण काढून बॉक्स फ्लश करा म्हणजे आतून धुऊन घ्या, कारण पीएजी मिनरल तेलात मिसळत नाही. ऑइल सील आणि आतला रंग पीएजीला चालतो का, हे बॉक्स बनवणाऱ्याला विचारा. लेव्हल खुणेपर्यंतच, जास्त भरलं तर घुसळण्यातच वीज जाते.

आणि टाँग टेस्टरवरच्या (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजणारा मीटर) डेमोवर भुलू नका. डिसेंबरच्या सकाळी तेल घट्ट असतं, दुपारी बॉक्स तापला की अँपिअर आपोआप उतरतात, बाटली ओता की न ओता. इलेव्हेटरच्या मोटरीला वेगळा युनिट मीटर लावा, तीच तूर, तोच फीड ठेवा, बॉक्स पूर्ण तापल्यावर टनामागे किती युनिट लागले ते तेल बदलण्याआधी आणि नंतर लिहून ठेवा. आकडे इथे टाका, बघून सांगतो.