नामशेष ठरलेली कांगारूची एक जात पुन्हा सापडली, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. ती म्हणजे ब्रायडल्ड नेलटेल वॉलबी, कांगारूच्याच कुळातली छोटी जात. १९३०च्या दशकानंतर तिची नोंदच नव्हती. मग १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या डिंगो गावाजवळ (हो, गावाचं नावच डिंगो, म्हणजे तिथला रानटी कुत्रा!) कुंपणाची कामं करणाऱ्या एका माणसानं मासिकात नामशेष प्राण्यांवरचा लेख पाहिला आणि कळवलं की हा प्राणी तर इथे आहे. पुढे ती जमीन संरक्षित झाली. आजचं टॉन्टन राष्ट्रीय उद्यान तेच. ओळखायला सोपी: मानेमागून खांद्यावर उतरणारा लगामासारखा पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला नखासारखा काटा. त्या काट्याचा उपयोग काय, ते कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. दिवसा झुडपात दबून बसायचं, रात्री चरायला निघायचं, असा तिचा दिनक्रम.

पण सापडली म्हणजे वाचली, असं नाही. ती अजूनही धोक्यात आहे, कारण रानटी झालेली मांजरं पिल्लं मारतात. यावर क्वीन्सलंडमधल्याच एव्होसेट अभयारण्यात संशोधकांनी पाळणाघरच काढलं: तीन किलोंखालची पिल्लं मांजरांना शिरता येणार नाही अशा कुंपणात वाढवायची, मोठी झाली की बाहेर सोडायची. तीन वर्षांत तिथली संख्या दुपटीहून जास्त झाली. फक्त प्रौढांना त्यांनी बाहेरच ठेवलं, म्हणजे मांजरापासून सावध राहायची सवय मोडत नाही.