व्हॅल्यू फॉर मनी ऑडिट आणि सबस्टँटिव्ह प्रोसिजर पाठ असूनही मार्क का मिळत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की एसीसीए या ब्रिटिश अकाउंटन्सी परीक्षेच्या ऑडिट अँड अ‍ॅश्युरन्स या पेपरला दोनदा बसलात, दोन्हीदा चाळिशीतच अडकलात, आणि नेमके हेच दोन विषय, म्हणजे व्हॅल्यू फॉर मनी ऑडिट (खर्चलेल्या पैशाचं चीज झालं का याची तपासणी) आणि सबस्टँटिव्ह प्रोसिजर (हिशेबातला आकडा बरोबर आहे का ते थेट पडताळणं), दगा देतात, 'पाठ तर सगळं आहे'. मला वाटतं, घोळ त्या पाठांतरातच आहे.

मी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, कोल्हापुरातच केली. पहिल्याच मार्चअखेरीला मला मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात माल मोजायला धाडलं. गोदामात तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, थप्पीला लावलेले, मुंग्यांची रांग, आणि तो गोड उबट वास. दोन तास मोजून कागदावर लिहिलं, 'स्टॉक तपासला, बरोबर आहे.' सीनियरनं लाल पेनानं ती ओळ खोडली. "यातला दुकानाचा किती आणि शेतकऱ्यांचा किती?" मी गप्प. अडत्याकडं आलेला गूळ सौदा होईपर्यंत शेतकऱ्याचाच, अडत्याला फक्त त्याची अडत मिळते. माझी मोजणी चुकली नव्हती. पण माल आहे एवढंच ती सांगत होती, कुणाचा आहे ते नाही.

परीक्षकही हेच विचारतो. कुठला कागद घेणार, त्याचं काय करणार आणि त्यातून काय सिद्ध होणार, हे तिन्ही एका वाक्यात आलं की साधारण एक मार्क. 'स्टॉक तपासा' याला शून्य. 'आवक रजिस्टर आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांवरून प्रत्येक लॉट कुणाच्या नावावर आहे ते पाहा, म्हणजे दुसऱ्याचा माल ताळेबंदात आलेला नाही याची खात्री होईल' याला मार्क, कारण राइट्स अँड ऑब्लिगेशन्स, म्हणजे मालकी आणि देणं कुणाचं, ते त्यात आलं. किमतीचं म्हणाल तर ३१ मार्चनंतरची विक्रीची बिलं काढा, दर खरेदीच्या दराशी ताडून बघा. पाघळलेला, काळा पडलेला गूळ विक्रीचा खर्च जाता तोट्यातच जात असेल, तर तो स्टॉक नेट रिअलायझेबल व्हॅल्यूला, म्हणजे विक्रीच्या किमतीतून विक्रीचा खर्च जाऊन उरेल त्या रकमेला, खाली आणावा लागेल. हे झालं व्हॅल्युएशन.

दिशाही बघा, इथं निम्मी पोरं पडतात. यादीतली ओळ घेऊन थप्पीकडं गेलात तर एक्झिस्टन्स तपासलं, म्हणजे लिहिलेला माल खरंच आहे का. थप्पीतला रवा घेऊन यादीत शोधलात तर कम्प्लीटनेस, म्हणजे असलेला सगळा माल लिहिलाय का. उलटं लिहिलं की प्रोसिजर कितीही छान असू दे, मार्क गेला.

आणखी एक नेहमीची चूक. 'खरेदीच्या ऑर्डरवर मॅनेजरची सही आहे का पाहा' ही सबस्टँटिव्ह प्रोसिजर नाही, टेस्ट ऑफ कंट्रोल आहे, म्हणजे संस्थेनं घालून दिलेली शिस्त पाळली जाते का याची चाचणी. ओळखायची माझी घरगुती युक्ती अशी: वाक्य आकड्याबद्दल बोलतंय की माणसानं नेमलेलं काम केलं का याबद्दल? आकडा असेल तर सबस्टँटिव्ह. युक्ती शंभर टक्के चालते असं नाही, पण परीक्षेपुरती पुरते.

व्हॅल्यू फॉर मनी त्या मानानं सोपं. इकॉनॉमी, एफिशियन्सी, इफेक्टिव्हनेस हे त्रिकूट ब्रिटनच्या १९८३ च्या नॅशनल ऑडिट अ‍ॅक्टमध्ये आहे, आणि आपल्याकडं कॅगचं परफॉर्मन्स ऑडिटही याच तिघांवर चालतं. मार्क जातात ते एकच मुद्दा तिन्ही मथळ्यांखाली फिरवून लिहिल्यामुळे. शहरातली बससेवा डोळ्यांपुढं आणा. हव्या त्या दर्जाचे टायर कमीत कमी दरात घेतले का, निविदा मागवल्या का, ही इकॉनॉमी. एका लिटरला किती किलोमीटर, एका बसच्या दिवसाला किती फेऱ्या, किती गाड्या वर्कशॉपात उभ्या, ही एफिशियन्सी. रंकाळ्यावरनं निघालेली पोरं विद्यापीठात पहिल्या तासाला वेळेवर पोचतात का, हा इफेक्टिव्हनेस. कारण बस त्यासाठीच आहे. आता हलके टायर स्वस्तात घेतले, पण दर आठवड्याला पंक्चर होऊन फेऱ्या रद्द व्हायला लागल्या, तर दरात वाचलं आणि उरलेल्या दोन्हींत बुडालं. हे भांडण प्रश्नातल्याच संस्थेचं उदाहरण घेऊन दाखवा. शाळा असेल तर शाळेचं, हॉस्पिटल असेल तर हॉस्पिटलचं. नुसत्या व्याख्या लिहून फार पुढं जाता येत नाही.

वेळेचं गणितही आहे. ३ तासांत १०० मार्क, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं. पाच प्रोसिजर मागितल्यात तर पाच लिहा आणि पुढं सरका. सहावी, सातवी लिहीत बसलात तर तो वेळ शेवटच्या २० मार्कांच्या प्रश्नातून कापला जातो. आजपासून रोज एकच खातं घ्या, आज देणी, उद्या येणी, परवा मशिनरी, आणि पुस्तक मिटून पाच वाक्यं लिहा. लिहून झाल्यावर जिथं जिथं 'तपासा' हा शब्द एकटाच उभा दिसेल तिथं लाल पेन चालवा.