सेट्टे पहिल्यांदा घेताय? मग एवढं करा

अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेट्टे ही रेड वाइन घेताय म्हणजे सुरुवात झकास आहे, पण बाटली उघडली की लगेच ओतून पिऊ नका, मोठ्या तोंडाच्या जगमध्ये ओतून पाऊण तास तरी राहू द्या, खूप फरक पडतो. हा ब्लेंड, म्हणजे मिश्रण, सान्जोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यॉन या दोन द्राक्षांचा. सान्जोवेझे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष, त्यातून चेरीसारखी चव अन् आंबटपणा येतो, कॅबरने अंग म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा देतं, काळ्या फळांचा वास देतं आणि टॅनिनही. टॅनिन म्हणजे कोरा कडक चहा प्यायल्यावर हिरड्या कशा आवळल्यासारख्या होतात ना, तेच. नव्या माणसाला ते खटकतं, पण चांगल्या ब्लेंडमध्ये ते टोचत नाही, घोट गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते, क्वालिटी मी तरी त्यावरच ओळखतो, किमतीवर नाही.

आणि हो, रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी हे युरोपातल्या खोल्यांसाठी ठीक, आपल्याकडे उन्हाळ्यात ३५ डिग्री असतात, मग नुसती अल्कोहोलच नाकात जाते! फ्रीजमध्ये ठेवून गार करा, १६ ते १८ डिग्री बास. सोबत मटण घ्या, फक्त तिखट बेताचं ठेवा, कारण तिखटाने टॅनिन जास्तच बोचतं.