सिकलसेलची कॅप्सूल आणि सातपुड्यातली मुलं

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतल्या नववीच्या एका मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल सुरू केल्या. ‘हे कॅन्सरचं औषध, आणि तपासलंय परदेशी लोकांवर,’ असं कुणीतरी सांगितल्यापासून तिचे वडील नको म्हणतात. त्यांना काय सांगू?
— अधीक्षिका, धडगाव तालुका

उत्तर : ताई, वडिलांची शंका मोलाची आहे. धुळ्यात औषधशास्त्र शिकवत होतो, तेव्हा विद्यार्थ्यांनी हे विचारावं म्हणून मी वाट पाहायचो.

रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे औषध देतात, हे खरं. सिकलसेलमध्ये त्याचं काम निराळं. या आजारात तांबड्या पेशी वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून दुखण्याचे झटके येतात. पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन जन्मानंतर ओसरतं, ते या औषधानं पुन्हा वाढतं. मग तांबड्या पेशी सहजासहजी विळ्यासारख्या वाकत नाहीत.

आता परदेशाचं. अमेरिका-कॅनडातल्या 21 दवाखान्यांनी मिळून 299 प्रौढांवर केलेला अभ्यास 1995 मध्ये छापून आला. दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. पण तिथे मलेरिया कुठे? हे औषध जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी करतं, मग मलेरियाच्या मुलखात पोरांचं काय होईल, ही धास्ती होतीच. म्हणून अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांसोबत सहाशेवर मुलांना ते देऊन पाहिलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले : झटके घटले आणि मलेरियासुद्धा कमी झाला. देशोदेशींच्या संशोधकांनी एकत्र यायचं ते यासाठीच, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे नागपूरच्या डॉक्टरांनी फार त्रास असलेल्या मुलांना किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे कमीच मात्रा दिली. तीही लागू पडली. वडिलांना हे आवर्जून सांगा.

मला काळजी वेगळीच वाटते. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि पोरगीही सोबत गेली, की रक्ततपासणी चुकते. तपासणीशिवाय ही कॅप्सूल चालू ठेवणं धोक्याचं. रक्तातल्या पेशी फार उतरल्या तर डॉक्टरांना ती काही दिवस थांबवावी लागते. तिचं सिकलसेलचं कार्ड आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याजवळ द्या. पाणी भरपूर पिऊ दे. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, तर होळीला गावी परतेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा. आणि पुढच्या खेपेला वडिलांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा. मात्रा किती, पुढची तपासणी कधी, हे त्यांनी स्वतः विचारू दे.