‘दिवस गेले’सारखे आडपडद्याचे शब्द इंग्रजी आणि जर्मनमध्येही होते का?

होते की, भरपूर होते. मला स्वतःला दिवस गेले तेव्हा मी जर्मनीत होते, कपडे घट्ट व्हायला लागले म्हणून दुकान शोधत फिरत होते आणि एका पाटीवर दिसलं ‘उमश्टांड्समोडे’. उमश्टांड म्हणजे परिस्थिती, मोडे म्हणजे फॅशन. परिस्थितीची फॅशन? कुणाची परिस्थिती, कसली? मग कळलं की जुन्या जर्मनमध्ये गरोदर बाईला ‘इन आन्डरन उमश्टेन्डन’ म्हणजे ‘वेगळ्या परिस्थितीत’ आहे म्हणायचे. आता असं बोलणारे कमी, पण कपड्यांच्या दुकानात तो शब्द अजून ठाण मांडून बसलाय.

माझा सगळ्यात आवडता मात्र ‘गुटर होफनुंग’, ती चांगल्या आशेत आहे. किती छान ना! हा आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी नाहीतर थट्टेत. आणि लहान मुलांना काय सांगायचे, तर बाळ करकोचा (तो लांब चोचीचा पक्षी) आणून देतो, आणि त्याने आईच्या पायाला चावा घेतला म्हणून ती झोपून आहे. पायालाच का, देव जाणे.

इंग्रजीत ‘इन द फॅमिली वे’, ‘एक्स्पेक्टिंग’, ‘डेलिकेट कंडिशन’ वगैरे. काही लोक तर ‘इंटरेस्टिंग कंडिशन’ म्हणायचे, म्हणजे शेजाऱ्यांसाठी इंटरेस्टिंग असावी. आणि हे फार जुनं नाही हं, अमेरिकेत १९५२ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या टीव्ही मालिकेतली नायिका खरोखरच गरोदर होती, अख्खा देश बघत होता, तरी चॅनेलने ‘प्रेग्नंट’ शब्द उच्चारू दिला नाही, ‘एक्स्पेक्टिंग’ म्हणा म्हणाले, आणि एपिसोडच्या नावात तर सरळ फ्रेंच शब्द घातला. फ्रेंचमध्ये म्हटलं की सोवळं!

स्वयंपाकघर मात्र दोघांचं एकच. इंग्रजीत ओव्हनमध्ये पाव आहे, जर्मनमध्ये ओव्हनमध्ये भाजायला ठेवलेलं मांस. हे दोन्ही जरा वात्रट, सासूसमोर म्हणायचे नाहीत.

पण मला खरी गंमत वाटली ती बाळंतपणाच्या शब्दांची. इंग्रजीत त्याला ‘कन्फाइनमेंट’ म्हणायचे, म्हणजे कोंडून ठेवणं, कारण बाई खरंच कित्येक दिवस खोलीत पडून असायची (डॉक्टरांच्या जुन्या कागदांवर ‘ईडीसी’, म्हणजे ‘एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट’, बाळंतपणाची अंदाजे तारीख, लिहिलेलं असतं त्यातला सी हाच). जर्मनमध्ये बरोब्बर उलट, ‘एन्टबिन्डुंग’, म्हणजे बांधलेलं सोडवणं. हॉस्पिटलच्या पाटीवर हा शब्द आजही असतो. मी तिथं ॲडमिट असताना नर्सने त्याचा अर्थ समजावून सांगितला आणि मला आजीच आठवली. ती गावाकडे फोन लावून पहिलं वाक्य हेच बोलायची, ‘पोरगी मोकळी झाली गं!’