वॉचमनकाकांसाठी वर्गणी काढताना

प्रिय,

तुमच्या सोसायटीच्या गेटवरचे काका गेल्याचं तुझ्या निरोपातून कळलं. वर्गणीचं काम तू अंगावर घेतलंस हे बरं झालं. अशा वेळी हळहळणारे पुष्कळ असतात, वही हातात धरणारं कुणीतरी एकच निघतं. पार्थिव पिंपरीहून लातूरकडच्या गावी न्यायचं चाललंय असं तू लिहिलंयस, म्हणजे हातात वेळ थोडा आहे. म्हणून आज रात्री लागेल ते आधी लिहितो.

पैशांच्या आधी कागद. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालय देतं. खोलीवर झाला असेल तर आजारपणात ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांकडून ते घ्यावं लागतं. पडून, गाडीच्या धक्क्याने किंवा संशय यावा अशा रीतीने गेले असतील तर पोलिसांना कळवणं, पंचनामा आणि शवविच्छेदन यांना पर्याय नाही. 'उगाच कशाला लफडं' म्हणून कुणी थांबवलं तरी थांबू नका. पुढे विम्याचा आणि भरपाईचा सगळा डोलारा त्याच कागदावर उभा राहतो. बिल थकलंय म्हणून रुग्णालयाला पार्थिव अडवून ठेवता येत नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. शांतपणे तेवढं सांगा, आणि बिलाचं बोलणं वेगळं ठेवा.

नेहमी चुकतं ते नोंदणीत. अग्नी गावी दिला तरी मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच करायची, म्हणजे इथल्या महापालिकेत. गावातलं कुणी घाईने ग्रामपंचायतीत वेगळी नोंद करून बसलं तर दोन दाखले तयार होतात आणि विम्याचा दावा अडकतो. २१ दिवसांच्या आत नोंदणीला शुल्क नाही. नाव आधारवर जसं आहे अक्षरशः तसंच लिहून घ्या. दाखल्याच्या पाचसहा प्रती एकदमच काढा.

आता गाडी. महापालिकेची शववाहिका बहुतेक शहरहद्दीपुरतीच मिळते, त्यामुळे खासगी गाडी करावी लागेल. भाडं ठरवताना एकच प्रश्न आधी विचार: किलोमीटर एकेरी धरणार की दुहेरी? गाव साडेतीनशे किलोमीटरवर आहे आणि दर समजा २० रुपये सांगितला, तर एकेरीचे ७,००० होतात आणि दुहेरीचे १४,०००. टोल, रात्रीचा भत्ता, थांबण्याचे पैसे आणि शीतपेटीचं भाडं त्यात आहे की वेगळं, तेही फोनवरच विचारून मेसेजमध्ये लिहून घे. सोबत किती नातेवाईक बसू शकतात तेही विचार, नाहीतर ऐनवेळी दुसरी गाडी करावी लागते. प्रमाणपत्राची आणि आधारची प्रत पुढे ड्रायव्हरजवळ हवी.

मग आकडा काढ. लोकांना वाटतं तितका अग्नी महाग नसतो. लाकडाच्या चितेला साधारण तीनचारशे किलो लाकूड लागतं. खेड्यात बऱ्याचदा ते भावकीच जमवते. बांबू, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गवऱ्या, कापूर, हार हे मयताचं सामान दुकानात एकत्र मिळतं. खरा खर्च अलीकडे आणि पलीकडे असतो: रुग्णालय, गाडी, पाहुण्यांची ये-जा, दहाव्या-तेराव्याचं जेवण, आणि पगार थांबल्यावरचे पहिले दोन महिने. घाईत कुणी उचल किंवा व्याजाने पैसे घेतलेत का, हे काकूंच्या भावाला किंवा मुलाला बाजूला घेऊन विचार. तसं असेल तर ते कर्ज यादीत सगळ्यात वर टाक.

विधी मात्र गृहीत धरू नकोस. कुणाकडे दहनाऐवजी दफन असतं, कुणाकडे तेराव्याऐवजी जलदान विधी असतो, कुणी जेवणावळच घालत नाही. 'तेराव्यासाठी मदत करा' असं आपण परस्पर लिहून मोकळं झालो, तर त्या कुटुंबाला गावजेवण घालणं भाग पडतं आणि जमलेली वर्गणी पंगतीत जाते.

पैसे कुणाच्या खात्यात, यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. काकांचा स्वतःचा क्यूआर कोड गेटच्या केबिनमध्ये चिकटवलेला असेल, तो अजिबात वापरायचा नाही. मृत्यू कळताच बँक खातं थांबवते आणि वर्गणी आत अडकते. त्यांच्या कार्डावर घरच्यांनी पैसे काढणंही योग्य नाही. काकूंचं खातं उत्तम, पण आधी पासबुक बघ. पुरेशा कागदपत्रांविना उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात एका वर्षात १ लाखाच्या वर जमा होत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर चालत नाही आणि महिन्याला १०,००० च निघतात. अशा खात्यावर आवाहन टाकलं की दुसऱ्या दिवशी 'पैसे जात नाहीत' असे फोन सुरू होतात. बँकेत पूर्ण केवायसी करून खातं नेहमीचं करून घेता येतं, पण ते उद्या सकाळचं काम. आज रात्रीची गाडी रोखीवर निभाव.

तुझ्या खात्यात गोळा करायचा मोह टाळ. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर आले की ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. काकूंना एरवी करपात्र उत्पन्न नसेल तर त्यांना फरक पडणार नाही, तुझ्या विवरणपत्रात मात्र प्रश्न उभा राहील. सोसायटीच्या देखभाल खात्यातही मिसळू नका. समितीला सोसायटीतर्फे काही द्यायचं असेल तर ठराव करून स्वतंत्र धनादेश द्यावा.

आवाहन छोटं हवं. कोण गेलं, पैसे नेमके कशाला, एकूण किती, कुठे द्यायचे, कधीपर्यंत, आणि उरले तर काय, एवढंच. नमुना देतो:

'दोन नंबर गेटवर रात्रपाळी करणारे आपले (पूर्ण नाव) काल रात्री गेले. पार्थिव गावी नेण्याची गाडी, अंत्यविधी आणि घरचे दोन महिने यासाठी (रक्कम) हवेत. पैसे थेट त्यांच्या पत्नीच्या खात्यात द्यावेत. रोख द्यायची असेल तर उद्या सायंकाळी ६ ते ८ क्लबहाउसमध्ये दोघं जण वही घेऊन बसतील. रविवारी रात्री वर्गणी बंद होईल. जास्त जमलं तर ते मुलीच्या फीसाठी. कुटुंबाच्या संमतीने.'

शेवटचे दोन शब्द खरे असले पाहिजेत, मजकूर घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नकोस. मृत्यूचं कारण, रुग्णालयातला फोटो, पार्थिवाचा फोटो, रडणारी मुलं यातलं काहीही नको. मुदत जवळची ठेव. पैसे येतात ते पहिल्या दोन दिवसांत, आठवडाभर रोज आठवण करून दिली की लोक ग्रुप म्यूट करतात.

रोख दोघांनी मोजायची आणि लगेच लिहायची. कुणी किती दिले हे ग्रुपवर कधीच टाकू नकोस. बाकीचे वॉचमन, झाडूवाल्या मावशी २० रुपये घेऊन येतील. तेही घे आणि वहीत तितक्याच नीट लिही. शेवटी फक्त एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक कुणाला दिली, आणि पावत्यांचे फोटो. हा हिशेब वर्गणी बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी जायला हवा.

आठवणींचं वेगळं ठेव, पैशाच्या मजकुरात कोंबू नकोस. पूर्ण नावावर मी जोर दिला कारण वर्षानुवर्षं रोज दार उघडणाऱ्या माणसाचं आडनाव अर्ध्या इमारतींना माहीत नसतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची तीनशे हात जोडलेली चित्रं कुटुंबाच्या काही कामाची नाहीत. त्याऐवजी लोकांना एक प्रश्न विचार: त्यांनी तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट सांगा. कुणाच्या बाबांना रात्री रिक्षा आणून दिली, कुणाच्या मुलाला सायकल धरून शिकवली. ते कागदावर उतरवून, मोठ्या अक्षरात छापून काकूंच्या हाती द्या. समितीला विचारून व्हिजिटर रजिस्टरमधलं त्यांच्या हस्ताक्षराचं एखादं पानही जोडता येईल. लोकांचे फोन नंबर तेवढे झाक.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते. वर्गणी हा उपकार असतो, आणि त्यांच्या हक्काचे पैसे वेगळे आहेत. वर्गणी दणक्यात झाली की सगळ्यांना काम पार पडल्यासारखं वाटतं आणि सिक्युरिटी एजन्सीला कुणी जाब विचारत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ते बहुधा ईएसआयसीखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली, येतात. तिथून अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत मिळतात, दावा तीन महिन्यांत करायचा असतो, म्हणून गाडीची आणि सामानाची पावती जपून ठेव. कामावर किंवा कामावर येता-जाता अपघात झाला असेल तर अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो. पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमा कमाल सात लाख देतो, आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं लागतात, मृत्यूच्या बाबतीत ती अट नाही. शेवटचा पगार आणि गणवेशाची अनामत वेगळी.

एजन्सी म्हणेल, नोंदणी राहून गेली. कंत्राटदाराने कामगाराची ईएसआय आणि पीएफची वर्गणी भरली नाही तर मुख्य मालकाकडे बोट येतं, म्हणजे तुमच्या सोसायटीकडे. हे समितीच्या सचिवांना समजावून सांग आणि ईएसआयसीचा विमा क्रमांक आणि यूएएन (पीएफचा क्रमांक) मागणारं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे. एकट्या काकू गेल्या तर त्यांच्यापुढे थोडी रक्कम आणि 'सर्व हिशेब मिळाला' असा कागद ठेवला जाईल. न वाचता सही करू नका, हे त्यांना आजच सांग.

पासबुकात मे अखेरीच्या आसपास ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद शोध. पहिली जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख, दुसऱ्यात फक्त अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योतीचा दावा शक्यतो ३० दिवसांत बँकेत द्या. आणि काकांचा फोन कुणी विकू नये, नंबर रिचार्ज करून चालू ठेवा, बँकेचे आणि पीएफचे संदेश त्यावरच येतील.

दाखला हातात आला की फोन कर, दाव्याचे अर्ज एकत्र बसून भरू.

तुझा,
काका