काकांची दुर्बीण आणि रणगाड्याचा नेम

प्रश्न : मी रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रणगाड्यावरच्या थर्मल साइटच्या (उष्णतेवरून लक्ष्य दाखवणाऱ्या नेमयंत्राच्या) कामात मेकॅनिकलवाल्याच्या वाट्याला नुसता डबा येतो, असे मित्र म्हणतात. ते खरे आहे का? माझे काका मिरकरवाड्याहून मासेमारीला जातात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर त्यांनी दुर्बीण बाहेर काढली की तिच्या भिंगांवर आतून दव दिसते. लष्करी उपकरणांचेही असेच होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डबाच येतो, पण नेम टिकतो तो त्या डब्यामुळे. अशा साइटमध्ये दिवसाचा कॅमेरा, थर्मल कॅमेरा आणि लेसर रेंजफाइंडर (लेसरने अंतर मोजणारे उपकरण) यांचे अक्ष एकमेकांशी आणि तोफेच्या नळीशी जुळवलेले असतात. या जुळणीला बोअरसाइट म्हणतात. समजा, साइट ज्यावर बसते त्या बैठकीचे दोन टेकू 100 मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यांतला एक 0.01 मिलिमीटरने उचलला गेला, तर दृष्टिरेषा 0.1 मिलिरेडियनने (रेडियन या कोनमापाच्या दहा हजाराव्या भागाने) कलते आणि 2 किलोमीटरवर नेम 20 सेंटिमीटर चुकतो. बैठक पुसायचा कंटाळा केला, तर तेवढी धूळ बोल्टखाली सहज राहते.

उष्णतेचे दुखणे याहून चिवट आहे. 8 ते 12 मायक्रॉनचे अवरक्त किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून तेथे जर्मेनियमची भिंगे वापरतात. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात सुमारे 23 भाग प्रसरण पावते, तर जर्मेनियम जेमतेम 6. त्यामुळे 100 मिलिमीटर व्यासाचे भिंग आणि त्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियमचे घर यांच्यात 50 अंशांच्या फरकाने 0.08 मिलिमीटरहून अधिक तफावत पडते, म्हणजे उन्हात भिंग सैल आणि थंडीत घर त्याला आवळणारे. त्यातच जर्मेनियमचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बराच बदलत असल्याने फोकसही सरकतो. हे सगळे यांत्रिक रचनेनेच सावरायचे असते.

दवाचे म्हणाल, तर साइटमधली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात आणि सांधे ओ-रिंगने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या रबरी कड्याने, बंद करतात. लेथवर पडलेल्या गोल रेघा ओ-रिंगच्या खाचेला समांतर असल्यामुळे फारसा त्रास देत नाहीत. पण खाचेला आडवा गेलेला एक ओरखडा बाष्पाला वाट करून देतो. खाऱ्या वाऱ्यात अ‍ॅल्युमिनियमला लागून स्टेनलेसचा स्क्रू उघडा राहिला, की तेथे अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते.

डेहराडूनची आयआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा आणि 2021 मध्ये स्थापन झालेली इंडिया ऑप्टेल ही सरकारी कंपनी येथे हीच कामे चालतात.

काकांच्या दुर्बिणीत गॅस कधीच भरलेला नसेल किंवा तिची सीले गेली असतील. ती सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवावी, नाहीतर पुढे बुरशी धरते आणि भिंगावरचा लेप खाते. मात्र ती घरी उघडू नका. मी एकदा हा उद्योग केला होता. प्रिझम केसभर हलले आणि तेव्हापासून त्या दुर्बिणीत एका होडीच्या दोन होड्या दिसतात.